भोकं बुजवू नका राव! दाराच्या गंजावरच्या त्या फॉरवर्डला एकेक करून उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर लाल अक्षरात "कारवाल्यांनो जरूर वाचा", खाली "गॅरेजवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत". संध्याकाळपर्यंत तोच मेसेज कॉलनीच्या ग्रुपवर, मग कंपनीच्या, रात्री शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर पण आला, म्हणजे अख्खं कोल्हापूर फिरून परत आमच्याच दारात.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कारच्या दाराला खालच्या कडेला गंज आलाय? दहा हजार घालवू नका, शंभर रुपयांत घरी करा. गंज बाहेरच्या चिखलानं येतो. दाराच्या खाली बारीक भोकं असतात, त्यातनं पाणी आत शिरतं, ती सिलिकॉननं बंद करा. गंजावर कोला ओता आणि फॉइलनं घासा, नाहीतर लिंबू-मीठ चोळा. पत्र्याला भोक असेल तर एम-सील भरा, वरनं रेड ऑक्साइड मारा. आतनं जळकं ऑइल सोडा. पावसाळ्यात कव्हर घाला. आणि शेवटी, कोल्हापूरला काय समुद्र नाही, एवढं केलं की दहा वर्षं बघायला नको.

आता मी काय डेंटर-पेंटर नाही. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, त्यामुळं गंज हा रोजचाच शत्रू. पण मला राग आला तो त्यामुळं नाही. यातल्या दोन गोष्टी मी स्वतः माझ्या 2011 च्या हॅचबॅकवर करून बसलोय, आणि त्याचे पैसे मोजलेत, म्हणून लिहितोय.

पहिलं, गंज बाहेरून येतो हे. इथंच सगळं घोडं अडलंय, कारण पुढचे सगळे उपाय याच समजुतीवर उभे आहेत.

कारचं दार म्हणजे एक पत्रा नसतो, दोन असतात. आतला जाड ढाचा आणि बाहेरची कातडी. ही कातडी साधारण पाऊण मिलिमीटरची, आणि ती खालच्या कडेला आतल्या पत्र्याभोवती दुमडून दाबलेली असते, करंजीला मुरड घालतात ना अगदी तशी. त्या मुरडीत कंपनी चिकट मटेरियल भरते, वरनं सीलंटची रेघ ओढते. आता पाणी. काच वर-खाली व्हायची म्हणजे तिथं रबर कितीही चांगलं असलं तरी फट राहणारच, पावसाचं पाणी काचेवरनं ओघळून सरळ दाराच्या पोटात जातं. हा बिघाड नाहीये, दार तसंच डिझाइन केलेलं असतं. आतल्या बाजूला पॅडच्या, म्हणजे हँडल-स्पीकर असतो त्या आतल्या कव्हरच्या, मागं प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो तो पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून, आणि खाली भोकं असतात ती आलेलं पाणी बाहेर जावं म्हणून.

म्हणजे बघा, ज्या भोकांतनं पाणी आत शिरतं असं मेसेज सांगतोय ती भोकं पाणी बाहेर काढायला ठेवलेली आहेत. उलटंच की सगळं.

मग गंज कसा येतो, तर पाण्याबरोबर धूळ जाते, झाडाखाली गाडी लावली तर पाला जातो, काचेवरनं उतरलेली माती जाते, आणि हे सगळं खाली मुरडीत जाऊन बसतं. भोक तुंबतं. मग ती माती ओल्या फडक्यासारखी पत्र्याला चिकटून राहते, पाऊस थांबून आठ दिवस झाले, बाहेर ऊन पडलं, गाडी चकाचक, तरी आत ओलंच. मुरडीतलं सीलंट वयानुसार कडक होऊन कुठंतरी चिरतं आणि पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं. लोखंडाचा गंज झाला की तो लोखंडापेक्षा कमीत कमी दुप्पट जागा खातो, त्याला फुगायला जागा नसते, मग तो पेंट उचलतो. तो फुगा आपल्याला दिसतो तेव्हा आपण म्हणतो आत्ताच गंज लागायला लागलाय बहुतेक. आत्ताच नाही भावा, आतलं काम आटोपून साहेब बाहेर आलेत.

बाहेरून गंज येतच नाही असं नाही हां. समोरच्या चाकानं उडवलेली खडी दाराच्या खालच्या भागावर बसते, पेंटचा टवका उडतो आणि तिथं तपकिरी ठिपका येतो. तो वेगळा ओळखू येतो, मधोमध टवका आणि भोवती पेंट सपाट. कडेला ओळीनं फुगे आले असतील आणि बोटानं दाबल्यावर करकरत असतील तर ते आतनं आलेलं आहे. हा फरक त्या मेसेजमध्ये कुठंच नाही, आणि याच्यावरच पुढं काय करायचं ते ठरतं.

टेस्ट सांगतो, फुकटातली. काच पूर्ण वर करा, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली काचेच्या बाहेरच्या बाजूनं रबराच्या फटीत हळूहळू ओता आणि कुणाला तरी खाली बसवून बघायला सांगा. काही सेकंदांत खालच्या भोकांतनं पाणी ठिबकायला पाहिजे. नाही ठिबकलं आणि दार उघड-बंद करताना आतनं डुचमळल्याचा आवाज आला तर तुमच्या दारात विहीर आहे.

माझ्यात होती. रविवारी सकाळी सायकलची जुनी तार घेतली, तिचं टोक वाकवून घासून बोथट केलं (टोकदार ठेवलं तर आतला पेंट ओरखडतो), ड्रायव्हरच्या मागच्या दाराच्या भोकात घालून फिरवली. आधी काही नाही. मग एक काळा गोळा बाहेर आला आणि त्याच्या मागनं धार. चहाच्या कपाएवढं काळं पाणी, नालीचा वास, त्यात कडुलिंबाच्या काड्या, आणि कसल्यातरी पार्किंगच्या पावतीचा लगदा. पाऊस जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. पोरगं शेजारी उभं होतं, म्हणालं पप्पा गाडीला जुलाब झालेत.

आता भोकं सिलिकॉननं बंद करायची, या मुद्द्यावर. अख्ख्या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच, आणि हेच मी केलं होतं, वरची सायकलच्या तारेची गोष्ट घडायच्या दोन वर्षं आधी. समोरच्या डाव्या दाराची तिन्ही भोकं बाथरूमला आणलेल्या सिलिकॉननं छान पॅक केली, बोट फिरवून फिनिशिंग पण दिलं. एक पावसाळा गेला, दुसऱ्या पावसाळ्यात त्या दाराची खालची कड अशी फुगली की बाकीची तीन दारं तिच्यापुढं नवीन वाटत होती.

पाणी साठलं हे तर झालंच. पण दुसरी गोष्ट मला नंतर कळली. बाथरूमचं स्वस्तातलं सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, तो खराच ॲसिटिक ॲसिडचा असतो, सुकताना ते सोडतं. उघड्या पत्र्यावर, त्यात गंजलेल्या पत्र्यावर ते लावणं म्हणजे आजाऱ्याला उपाशी ठेवून वर जुलाबाचं औषध. शिवाय सिलिकॉनवर पेंट बसत नाही, नंतर पेंटरनं ते खरवडून काढलं तरी त्याचा अंश राहतो आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. गाडीच्या सांध्याला सीलंट लागतं ते पॉलीयुरेथेनचं, ते पण मुरडीच्या रेघेवर, प्रायमर मारल्यावर. भोकांवर कधीच नाही.

याच जातीचा एक प्रकार म्हणजे अंडरबॉडी कोटिंग. गाडी उचलून खालनं काळा थर मारतात तेव्हा मारणारा पोरगा दाराची कड पण मारून टाकतो, भोकांसकट. कोटिंग करून घेतलं असेल तर घरी जायच्या आधी दारं उघडून खाली हात फिरवा. आणि ते दाराच्या कडेला लावायचं यू आकाराचं रबर, टच लागू नये म्हणून लावतात ते, खालच्या कडेला लावलं असेल तर आजच काढा, त्यात पाणी आणि बारीक वाळू धरून बसते, गाडी हलली की ती वाळू पॉलिश पेपरसारखी पेंट घासते.

कोला आणि फॉइल. हा नुस्खा पूर्ण खोटा नाही म्हणूनच जास्त पसरतो. कोलामध्ये थोडंसं फॉस्फोरिक ॲसिड असतं हे खरं, आणि फॉस्फोरिक ॲसिड गंजाबरोबर मिळून लोखंडाचं फॉस्फेट बनवतं हे पण खरं, बाजारात जे रस्ट कन्व्हर्टर (गंजाला घट्ट थरात बदलणारी रसायनं) मिळतात त्यातले बरेच याच तत्त्वावर आहेत. पण कोलामधलं प्रमाण अगदीच नगण्य, आणि बरोबर दर 100 मिलीला 10 ग्रॅमच्या आसपास साखर. दाराच्या कडेला ते ओतलं की मुरडीत पाक जाऊन बसतो, त्याला धूळ चिकटते, वरनं मुंग्या. मूळ नुस्खा आहे सायकलच्या किंवा बुलेटच्या क्रोमचा. क्रोमवर वरवरचे गंजाचे ठिपके असतील तर फॉइलनं घासून निघतात कारण ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, ओरखडा येत नाही. कुणीतरी तो क्रोमवरनं उचलून पेंटवाल्या पत्र्यावर आणून चिकटवला. पेंटवर फॉइल घासून बघा एकदा, म्हणजे चकाकी कशी जाते ते कळंल.

लिंबू-मिठाबद्दल काय बोलू. मीठ! गंजाला अजून लवकर ये म्हणून आमंत्रण द्यायचं असेल तर मिठासारखं दुसरं काही नाही. तांब्या-पितळेची भांडी घासायचा आजीचा उपाय तो, भांडं घासून लगेच दोन बादल्या पाण्यानं धुता येतं, दाराच्या मुरडीत गेलेलं मीठ तुम्ही कशानं धुणार?

एम-सील. भोक पडलंय, लांबीसारखं भरलं, घासून सपाट केलं, रंग मारला, दिसत नाही, विषय संपला. सहा महिने दिसत नाही हे मी मान्य करतो. एम-सील वाईट नाही, आमच्या टाकीच्या पाइपला वर्षानुवर्षं टिकलंय, त्याच्या जागी उत्तम. पण इथं खाली धरायला काही उरलेलंच नसतं. भोक पाच मिलिमीटरचं दिसत असलं तरी त्याच्या भोवतीचा इंचभर पत्रा मागच्या बाजूनं पापडासारखा झालेला असतो, तुम्ही पापडावर सिमेंट थापताय. मागनं पाणी येतच राहतं, गंज भरावाच्या खालनं पसरतो आणि एक दिवस कार वॉशवाल्याच्या प्रेशरनं ती अख्खी टिकली उडून पडते.

हीच गोष्ट पुट्टीची, आणि इथं घरच्या उपायवाल्यांबरोबर काही गॅरेजवाले पण येतात. गाडीची पुट्टी, हार्डनर मिसळून लावतात ती, पॉलिएस्टरची असते आणि त्यात शंखजिऱ्यासारखी पावडर भरपूर असते. ती पाणी पिते. गंजावर सरळ पुट्टी दाबली तर स्पंजाखाली गंज झाकून ठेवल्यासारखं होतं. बरोबर क्रम असा, की पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, खड्ड्यांत राहिलेल्या काळ्या ठिपक्यांना कन्व्हर्टर लावायचा (काही कन्व्हर्टर नंतर पाण्यानं धुवावे लागतात, काही नाही, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा), मग दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, कारण पाणी अडवायचं काम खरं तोच करतो, आणि त्याच्यावर गरज असेल तेवढीच पातळ पुट्टी, मग सरफेसर (बारीक ओरखडे भरून सपाट करणारा थर), रंग, क्लिअर कोट (वरचा पारदर्शक चकाकीचा थर).

सेकंड हँड गाडी बघायला जाताना एक साधा फ्रिजवरचा लोहचुंबक खिशात टाका, कागदात गुंडाळून दाराच्या खालच्या पट्टीवर सरकवत न्या. चांगल्या पत्र्यावर टिकतो, जाड पुट्टीवर घसरून पडतो. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर आपल्याकडं हे सगळ्यांना पाठ असायला पाहिजे होतं. पंचगंगेचं पाणी ज्या गाड्यांच्या काचेपर्यंत गेलं त्यांची इंजिनं खोलली, सीट वाळवल्या, वायरिंग बदललं, पण दाराचे पॅड काढून आतला गाळ धुतला असे किती? नदीचा गाळ पिठासारखा बारीक असतो, मुरडीत गेला की बसला. वरनं पॉलिश मारून गाडी विकली जाते आणि घेणाऱ्याला तीन वर्षांनी फुगे दिसतात.

रेड ऑक्साइडवर जास्त बोलत नाही. गेटला मारतो, ग्रिलला मारतो, ठीक आहे, त्याच्यावर नीट ऑइल पेंट मारला तर चालतं. पण सुट्टा गंज न काढता त्याच्यावर तांबडा रंग मारणं म्हणजे तांबड्यावर तांबडं, तुम्हालाच दिसायचं बंद होतं.

जळकं ऑइल. इथं मी थोडा मवाळ आहे, कारण याच्यात तथ्य आहे. आपल्याकडं उसाच्या ट्रॉलीला, नांगराला, चेसीला जळकं ऑइल मारायची पद्धत वडिलांच्या काळापासनं आहे आणि तेलाचा थर असला की पाणी पत्र्याला लागत नाही, गंज मंदावतो, हे कुणी नाकारणार नाही. दाराच्या आत संरक्षण पाहिजे ही कल्पना तर अख्ख्या मेसेजमधली एकमेव बरोबर कल्पना आहे. पण ट्रॉली आणि दार यात फरक आहे. दारात रबरं आहेत, काचेची खाच आहे, वायरिंग आहे, स्पीकर आहे. दाराची रबरं ज्या मटेरियलची असतात ते खनिज तेलानं फुगतं, मऊ पडतं, मग काच अडकायला लागते. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली ॲसिडं आणि काजळी असते, ते कातडीला पण चांगलं नाही, कॅन्सरला कारण होणारी रसायनं असतात त्यात, त्यामुळं उघड्या हातानं तर नकोच. आणि उन्हाळ्यात ते पातळ होऊन भोकांतनं गळतं, अंगणात काळे ठिपके, त्यात धूळ मिसळून पुन्हा भोकं तुंबतात. म्हणजे फिरून तिथंच.

या कामाला खास वस्तू मिळते, कॅव्हिटी वॅक्स. स्प्रेच्या डब्याला लांब नळी असते, ती भोकातनं किंवा पॅड काढून आत घालायची, मुरडीच्या रेघेवर मारत न्यायची. पातळ असतं तोवर ते दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं आणि मग मेणासारखं घट्ट होतं. मारून झाल्यावर पुन्हा तार घालून भोकं मोकळी आहेत का बघायचं, हे विसरू नका. आणि आत ओलं असताना मारायचं नाही, मेणाखाली पाणी कोंडून ठेवल्यासारखं होईल. दार दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळलं पाहिजे.

आता समुद्र. "कोल्हापूरला खारी हवा नाही." नाही, बरोबर. मालवणच्या गाडीपेक्षा आपली गाडी उशिरा गंजते हे पण बरोबर. पण गंजाला लोखंड, हवा आणि पाणी एवढंच लागतं, मीठ फक्त घाई करतं. आमच्या शॉपमध्ये मशीनिंग केलेला जॉब, म्हणजे लोखंडी पार्ट, जुलैमध्ये तेल न लावता रात्रभर उघडा राहिला तर सकाळी तपकिरी झालेला असतो, कुठला समुद्र आला रात्रीत? हवेतला ओलावा 80 टक्क्यांच्या वर गेला की पत्र्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर काय असतं ते सांगायला नको, गगनबावड्याकडनं ढग सुटले की टॉवेल चार दिवस वाळत नाही. आणि आपण कोल्हापूरकर कोकणात जात नाही का? वर्षातनं दोनदा तारकर्ली नाहीतर गणपतीपुळे, गाडी वाळूत लावायची, परत येऊन वरनं पाणी मारायचं. खालनं आणि दाराच्या कडेला आतनं कोण मारतं? ते पाच मिनिटांचं काम आहे, नळाचं साधं पाणी, प्रेशर नको.

कव्हरचं तर दाजींना मी तोंडावरच सांगितलं. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालून ती आठवडाभर बोळात ठेवली तर आत दमट खोली तयार होते. छत असेल तर कव्हर नसलेलंच बरं. छत नसेल तर हवा जाणारं कापडी, आणि पाऊस थांबला की काढून दारं अर्धा तास उघडी ठेवायची. बॅटरीची काळजी असेल तर आतला दिवा बंद करा.

राहिला शेवटचा मुद्दा, गॅरेजवाले लुटतात. काही लुटतात, मी कुठं नाही म्हणतोय. मला एकानं दोन तासांत दार "नवीन" करून दिलं होतं, फुगे ठोकून, वर पुट्टी, वर रंग, अठराशे रुपये. पहिल्या पावसात पुन्हा तेच. मग मी दुसऱ्या मिस्त्रीकडं गेलो, साठीच्या पुढचा माणूस, त्यानं गाडीला हात लावायच्या आधी खाली वाकून स्क्रू ड्रायव्हरची मूठ कडेवर टकटक करत नेली. टण टण टण, आणि एका ठिकाणी थप. तिथं खडूनं खूण केली. मग म्हणाला, मागच्या दाराचं घासून होईल, पण हे पुढचं डावं कापावं लागणार, कड गेलीय, कुणी सिलिकॉन भरलंय यात? मी म्हणालो, आधीच्या मालकानं. गाडी मी शोरूममधनं घेतलेली.

त्यानं पॅड काढला, काच काढली, बॅटरीची वायर सोडली, खालची चार इंचाची पट्टी चांगला पत्रा लागेपर्यंत कापली आणि नव्या पत्र्याची पट्टी वाकवून मिग वेल्डिंगनं टाके घालत बसवली. सलग वेल्डिंग केलं नाही, एक टाका इथं, एक तिकडं, मध्ये थांबून हातानं पत्रा चाचपायचा, कारण एवढा पातळ पत्रा एका जागी तापला की वेडावाकडा होतो. ग्राइंडर मारताना काचांवर ओलं पोतं टाकलेलं, ठिणग्या काचेला चिकटल्या की बारीक टोचे पडतात ते कधीच जात नाहीत. वेल्डिंग झाल्यावर मागच्या बाजूचा जळलेला पेंट खरवडून तिथं पण प्रायमर मारला, आणि सगळं झाल्यावर आतनं वॅक्स. दोन दारांचे मिळून साडेसात हजार गेले. ते होऊन आता तीन पावसाळे झाले, खडूची खूण होती तिथं मी दर दिवाळीत नखानं टोकरून बघतो.

तर गॅरेज निवडताना एकच प्रश्न विचारा, आतला पॅड काढणार का? "त्याची काय गरज" असं उत्तर आलं की चावी उचला आणि निघा. दुसरं, पुट्टीच्या आधी इपॉक्सी मारणार का हे पण विचारून घ्या. आणि हे काम पावसाळ्यात करायचं नाही, दिवाळीनंतर ते मेपर्यंत उरका. दमट हवेत साधा लॅकर पेंट पांढुरका पडतो, आणि घासलेला पत्रा प्रायमर मारेपर्यंत परत गंजायला लागतो.

खर्च करायचा नसेल, गाडी जुनी आहे, दोन-तीन वर्षांत काढायची आहे, तर कापाकापीत पडू नका. भोकं मोकळी करा, आत पाणी मारून माती काढा, उन्हात वाळवा, वॅक्स मारा. फुगे जाणार नाहीत, पण पसरायचा वेग कमी होईल. मुरडीतला गंज आतनं पूर्ण काढता येत नाही, कोणतंही केमिकल असो, दोन पत्र्यांच्या मध्ये पूर्ण पोचत नाही. ज्याला फुगे जायलाच पाहिजेत त्यानं पट्टी बदलावी, नाहीतर चांगलं जुनं दार मिळतं का बघावं, रंग जुळला तर वेल्डिंगपेक्षा स्वस्त पडतं कधीकधी.

एक जण म्हणाला, जुन्या गाड्यांचा पत्रा जाड होता म्हणून गंजत नव्हत्या. जुन्या अँबेसेडरची दारं खालनं कशी असायची ते आठवतं का कुणाला? जाड पत्र्याला भोक पडायला वेळ लागतो एवढंच. आताच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो आणि अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून काढतात, त्याचा फायदा जाडीपेक्षा जास्त. म्हणूनच टवका उडाला म्हणून लगेच ग्राइंडर घेऊन हातभर जागा खरवडायची नाही, जस्त पण जातं. गंज आहे तेवढीच जागा, हातानं, 180 नंबरच्या पॉलिश पेपरनं.

मेसेज पाठवल्याबद्दल मी दाजींवर चिडलो नाही, म्हणजे थोडा चिडलो. फोन केला तर म्हणाले, "अरे मी कालच चारी दारांना सिलिकॉन भरलंय, अर्धी ट्यूब उरलीय, तुला आणू का?" ताई मागनं हसत होती. रविवारी सकाळी सातला गाडी घेऊन बोलावलंय. सिलिकॉन अजून मऊ असेल, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं निघतं, चाकू लावायचा नाही, मग थोडं थिनर फडक्याला लावून पुसायचं, पेंटवर जास्त वेळ ठेवायचं नाही. सायकलची तार माझ्याकडं आहे. मिसळ दाजींकडनं.